तीन-दहाचा डोंगर

कश्मिरा हर्डीकरकडे एक डोंगर होता, आणि तो तिने इतक्या लोकांना दाखवला होता की आमच्या मजल्यावरचं झेरॉक्स दुरुस्त करायला येणारा माणूससुद्धा "काय, डोंगर कसा आहे?" असं जपानीत विचारायचा.

डोंगर कागदावरचा. आडव्या रेषेवर दिवसाची वेळ, उभ्या रेषेवर मंजुऱ्या. सकाळी नऊपासून सगळं माळरान. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी एकदम सुळका. तीन-चाळीसला पुन्हा माळरान. कोबेतली एक कंपनी जहाजांचे दोरखंड बनवते. तिच्या पाच वर्षांतल्या अकरा हजार दोनशे चाळीस मंजुऱ्या कश्मिराने गोळा केल्या होत्या, आणि त्यांतल्या दहा हजारांवर या अर्ध्या तासातल्या निघाल्या. कंपनीचं नाव न सांगण्याचा करार होता, म्हणून आम्ही तिला 'कंपनी अ' म्हणायचो. 'कंपनी ब' कुठेच नव्हती.

आम्ही दोघं क्योतोतल्या एका विद्यापीठात, एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसतो. संगणक आल्यावर कायद्याचं, समाजाचं आणि कचेऱ्यांचं काय होतं ते शोधणं हा आमच्या गटाचा उद्योग. कायदा माझ्याकडे, म्हणजे श्रीहरी गुप्ते, मुक्काम डोंबिवली, याच्याकडे. कचेऱ्या कश्मिराकडे. समाज, म्हणजे उरलेलं सगळं, मोरिवाकी सेन्सेईंकडे. ते गटाचे प्रमुख. महिन्यातले पंधरा दिवस ते कुठल्या ना कुठल्या परिषदेला गेलेले असतात, आणि तरी त्यांच्या मंजुरीवाचून आमचा एकही अर्ज कधी अडकून राहिलेला नाही. या गोष्टीचं मला नेहमी कौतुक वाटायचं. कौतुकाच्या पुढे मी गेलो नाही, ही माझी चूक पुढे येईलच.

कंपनी अ-मध्ये कोविडच्या आधी कागद फिरायचा. कोणाला नवं यंत्र घ्यायचं असेल तर प्रस्तावाची फाइल अकरा प्रमुखांच्या टेबलांवरून एकेक करत जायची आणि प्रत्येक जण तिच्यावर आपल्या नावाचा गोल लाल शिक्का मारायचा. साथीत सगळे घरी बसले, तेव्हा माणसं नुसता शिक्का मारायला ट्रेनने कचेरीत येऊ लागली. मग कंपनीने हे सगळं संगणकावर नेलं. प्रत्येक प्रमुखाला एक कार्ड दिलं. कार्ड यंत्राला टेकवलं की पडद्यावरच्या अर्जावर त्याचा लाल शिक्का उमटतो.

शिक्क्याची एक गंमत सांगायला हवी. शिक्के ओळीने पडतात. साहेबाचा डावीकडे, हाताखालच्यांचे उजवीकडे. जुन्या वळणाच्या कचेऱ्यांत हाताखालचा माणूस आपला शिक्का जरासा डावीकडे कलता मारतो, म्हणजे तो साहेबापुढे वाकल्यासारखा दिसतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी गिऱ्हाईक ओळखून शिक्क्याला कल द्यायची सोय ठेवली होती. कश्मिराने तो कलही मोजला. उपप्रमुख पंधरा अंश, प्रमुख दहा, संचालक पाच, आणि अध्यक्षांचा शिक्का ताठ. पाच वर्षांत कोणाचाही अंश एकदाही चुकला नव्हता. त्यावर 'नम्रतेचे अंश' नावाचं आख्खं प्रकरण तिने लिहून ठेवलं होतं.

"पाच वर्षांत एकदाही कोणी रागावलं नाही?" मी तिला विचारलं होतं. "एखाद्या दिवशी तरी माणूस म्हणेल ना, जा, आज नाही वाकत."

"जपान आहे रे हे."

"पण माणसंच आहेत ना?"

"श्रीहरी, दुसऱ्याच्या डेटात खोट काढायचा तुला पगार मिळतो का?"

"वकिलाला त्याचाच मिळतो."

तीन-दहालाच का, यावर प्रत्येकाचं मत होतं. सेन्सेई म्हणाले, जेवणानंतरच्या बैठका तीनला संपतात. मी म्हणालो, तेव्हा उरकलं की पाचला घरी पळता येतं. कश्मिराचा नवरा केदार दूर राजधानीत, तोयोसुला एका आयटी कंपनीत आहे, तो फोनवर म्हणाला, "अगं, सर्व्हरवर बॅच जॉब लावला असेल कोणीतरी, ठरल्या वेळी आपोआप चालणारा." कश्मिराने आम्हा सगळ्यांना बाजूला सारलं आणि त्याला 'सामूहिक संमतीची लय' असं नाव ठेवलं. तिचं म्हणणं सरळ होतं. कागद होता तेव्हा मंजुरीला सरासरी नऊ दिवस लागायचे, आता एक दिवस लागतो. 'नामंजूर'चं बटण पाच वर्षांत एकदाही दाबलं गेलेलं नाही. म्हणजे यंत्र आलं, माणसं एका ठेक्यात आली आणि तंटे संपले. हा तिचा पेपर.

आणि त्या पेपरवर तिचं सगळं अडलं होतं. तिचा तीन वर्षांचा करार मार्चअखेर संपत होता. पेपर उभा राहिला तर दोन वर्षांची वाढ. नाहीतर तोयोसुला केदारच्या बाविसाव्या मजल्यावरच्या घरात बसून खाडीतली जहाजं मोजायची. "मोजेनही," ती म्हणायची, "मला काय, मोजायला काहीही चालतं." पण हे म्हणताना ती हसायची नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी कंपनी अ-ने तिला निष्कर्ष सांगायला बोलावलं. कायद्याच्या दोन स्लाइड्स माझ्या होत्या, म्हणून मीही गेलो. कंपनीची इमारत बंदराजवळ, चौथ्या मजल्यावर सभेची खोली. अध्यक्ष आणि अकराही प्रमुख रांगेने बसलेले. कश्मिरा आठ महिने आठवड्यातून दोनदा तिथे जात होती, एकतीस जणांच्या मुलाखती तिने घेतल्या होत्या, त्यामुळे सगळे तिला ओळखत होते आणि ती सगळ्यांना. निदान ती असं समजत होती.

ती छान बोलली. लय, नम्रता, तंट्यांचा अंत. "पाच वर्षांत नामंजुरी शून्य," ती म्हणाली, तेव्हा अकरा माणसांनी एकदम टेबलाकडे पाहिलं. खरेदी विभागाचे इशिदा-सान खोकले. मला वाटलं, विनय.

बरोबर तीनला चहा आला. घेऊन आल्या त्या निशिगाकी-सान, सामान्य प्रशासनातल्या चौसष्ट वर्षांच्या बाई. केस बारीक कापलेले, पायांत आवाज न करणाऱ्या चपला. प्रत्येकापुढे कप आणि एकेक मोची, म्हणजे तांदळाचा गोड गोळा, ठेवून त्या मागच्या मागे गेल्या.

आता कश्मिराला शेवटची चमक दाखवायची होती. कंपनीने तिला आकडे थेट पाहायची परवानगी दिली होती. तिने पडद्यावर आजचा आलेख लावला. "आता तीन-आठ झालेत," ती म्हणाली. "आपण आजचा डोंगर आपल्या डोळ्यांनी उगवताना पाहू."

तीन-दहा झाले. पडद्यावर पहिला ठिपका उमटला. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक ठिपक्याशेजारी तिने प्रमुखांचे क्रमांक दिले होते. क्रमांक चार, म्हणजे इशिदा-सान. त्यांची मंजुरी पडली. त्या क्षणी इशिदा-सान माझ्यासमोर मोची तोंडात धरून बसले होते. त्यांचे दोन्ही हात मला दिसत होते. क्रमांक सात चहा पीत होते. क्रमांक नऊ चष्मा पुसत होते. डोंगर मात्र टुकटुकत चढत होता.

खोलीत कोणी हललं नाही. ती शांतता मी आजवर फक्त कोर्टात ऐकली आहे, साक्षीदार चुकून खरं बोलल्यावर असते तशी.

शेवटी अध्यक्ष हसून म्हणाले, "वा! अगदी वेळेवर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कश्मिराने वाकून नमस्कार केला, लॅपटॉप मिटला, रिकामी पाण्याची बाटली उचलली आणि खोलीबाहेर गेली. मी तिच्या मागे.

सभेच्या खोलीला लागूनच चहा करायची छोटी जागा होती. आठ महिने कश्मिरा ज्या टेबलावर बसून आकडे काढत असे, त्याच्यापासून ती सहा पावलांवर. तिथे निशिगाकी-सान उभ्या होत्या. एका हाताशी संगणक, दुसऱ्या हाताशी तांदळाच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात अकरा कार्डं, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. त्या एक कार्ड काढत, यंत्राला टेकवत, शिक्क्याचा कल बघत, कार्ड परत डब्यात ठेवत.

आम्हाला पाहून त्या दचकल्या नाहीत. "हारुदिकारु-सान, गरम पाणी हवं का?" हर्डीकरचं जपानी करून त्यांनी विचारलं आणि दहावं कार्ड टेकवलं.

परतीच्या गाडीत ओसाका येईपर्यंत कश्मिरा लॅपटॉपवर डोंगर उघडून बसली होती. ओसाका सुटल्यावर म्हणाली, "अकरा हजार दोनशे चाळीस. श्रीहरी, मी तीन वर्षं एका बाईची चहाची वेळ मोजली."

"चहानंतरची," मी म्हणालो. "कप विसळून झाल्यावरची."

"तू गप्प बस."

मी खिडकीबाहेरची दोन-तीन स्टेशनं मोजली. मग तिनेच विचारलं, "कायदा काय म्हणतो?"

"बाहेरच्या करारावरची सही असती तर कायदा म्हणाला असता, ज्याची सही त्यानेच केली असेल तरच कागद त्याचा. ही घरातली मंजुरी आहे, तिला तो कायदा थेट लागत नाही. पण हिशेबतपासनीस आले आणि त्यांना हा डबा सापडला, तर कोणाचं तरी नाव घ्यावं लागेल. आणि अकरा प्रमुखांचं घेण्यापेक्षा एका चहावालीचं घेणं सोपं."

"त्या मार्चमध्ये निवृत्त होतायत."

"मग तर अजूनच सोपं."

क्योतोला उतरून ती स्टेशनवरूनच केदारशी बोलली. मी शेजारी उभा होतो आणि केदारचा आवाज मोठा आहे.

"डेटा क्लीन कर ना," तो म्हणाला. "तो अर्धा तास आउटलायर म्हणून काढून टाक."

"अरे, तो अर्धा तास काढला तर उरतं काय?"

"मग राहू दे. कोणाला कळलंय?"

"अकरा जणांना, अध्यक्षांना, श्रीहरीला आणि मला."

"म्हणजे जपानमध्ये कोणालाच नाही," केदार म्हणाला. हा माणूस दहा वर्षं उगाच इथे टिकलेला नाही.

खरं सांगायचं तर मोह मलाही झाला होता, तिच्या वतीने. पेपर तसाच पाठवला असता तर डोंगर छापून आला असता, सेन्सेई खूश, करार वाढला, आणि निशिगाकी-सान मार्चमध्ये फुलांचा गुच्छ घेऊन घरी गेल्या असत्या. कोणाचंच काही बिघडत नव्हतं. कश्मिरा दोन दिवस याच विचारात होती, हे मला तिच्या चहावरून कळायचं. ती कप भरून आणायची आणि तसाच थंड करून परत न्यायची. तिसऱ्या दिवशी ती खुर्ची फिरवून म्हणाली, "आठ महिने मी त्यांच्या हातचा चहा प्याले. एकतीस मुलाखती घेतल्या. त्यांची घेतली नाही. माहितीये का? कंपनीच्या तक्त्यात त्यांना मंजुरीचा अधिकार नाही, म्हणून त्या माझ्या नमुन्यात बसत नव्हत्या."

"मग?"

"मग शुक्रवारी जाते. तू चल साक्षीला."

तिने रात्री बेसनाचे लाडू वळले. इथे कोणाकडे कामासाठी जाताना हात रिकामा नसावा, आणि क्योतोच्या प्रत्येक दुकानातली मिठाई निशिगाकी-सानला ठाऊक असणार, म्हणून लाडू.

निशिगाकी-साननी लाडवाचा एक तुकडा मोडून खाल्ला, मान डोलावली आणि उरलेले एका बशीत काढून त्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "मी वाटच पाहत होते. तुम्ही सगळ्यांना प्रश्न विचारलेत. माझ्याकडे फक्त चहा मागितलात."

कश्मिराचा चेहरा मी त्याआधी इतका पडलेला पाहिला नव्हता. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "आता विचारू?"

"विचारा की. चार वाजेपर्यंत मोकळी आहे मी."

"प्रमुखांना न विचारता तुम्ही कार्डं टेकवता?"

"छे!" बाईंना हे मनाला लागलं. त्यांनी खालच्या कप्प्यातून चौकटीच्या वह्या काढल्या. चौदा वह्या. "न विचारता एकही नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. प्रस्ताव संगणकावर चढायच्या कितीतरी आधी त्या तो कागदावर घेऊन निघत. सकाळी एका प्रमुखाकडे कप उचलायला, दुपारी दुसऱ्याकडे पाकीट द्यायला. जाता जाता नुसतं सुचवायचं, की असं असं येतंय. "झाड हलवायचं तर आधी मुळांभोवतीची माती मोकळी करतात," त्या म्हणाल्या. आपल्याकडे याला कानावर घालून ठेवणं म्हणतात, आणि सासरी नांदलेल्या कुठल्याही बाईला ते शिकवावं लागत नाही.

वहीत सगळं होतं. कोणाला कधी विचारलं, काय म्हणाला, काय बदललं, पुन्हा कधी विचारलं. इशिदा-सान: सोमवारी विचारू नये. हिशेबाचे मात्सुनागा-सान: मुलाची प्रवेशपरीक्षा, फेब्रुवारी संपेपर्यंत थांबावं. क्रमांक सात: 'बघू' म्हणजे नाही, 'हं, बघू' म्हणजे हो. एका क्रेनच्या खरेदीला अकरा फेऱ्या झाल्या होत्या. अकरा जणांचं तोंडी 'हो' आलं, की त्या खालच्या माणसाला सांगत, आता चढव संगणकावर. त्याच दिवशी तीन-दहाला डबा उघडायचा.

"आणि जे नाही म्हणतात?" कश्मिराने विचारलं.

"ते प्रस्ताव चढतच नाहीत. 'नाही' हे माझ्याजवळ बोलायचं असतं. यंत्रात ठेवलं तर ते पुसता येत नाही."

कश्मिरा वहीची पानं उलटत होती. माझी वेगळी उत्सुकता होती. "शिक्क्याचा कल," मी म्हणालो. "कोणीच कधी रागावलं नाही?"

निशिगाकी-सान प्रथमच हसल्या. "इशिदा-सान एकदा फार चिडले होते. म्हणाले, आज माझा शिक्का सरळ ठेवा, मी त्या माणसापुढे वाकणार नाही. मी दहा अंशच ठेवला. सरळ शिक्का फाइलमध्ये कायमचा राहतो. इशिदा-सानचा राग शुक्रवारपर्यंतच असतो."

मी कश्मिराकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. 'नम्रतेचे अंश' हे प्रकरण तिथे, त्या बशीशेजारी, शांतपणे संपलं.

मग तिने जे विचारायला आली होती ते विचारलं. हे सगळं लिहू का? नाव येणार नाही, कंपनीचंही येणार नाही. पण कंपनीतल्या प्रत्येकाला कळेल कोणाबद्दल आहे ते. श्रीहरी म्हणतो, तुम्हाला त्रास होऊ शकतो. तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार.

"आणि मग तुमच्या नोकरीचं?" बाईंनी विचारलं. ते त्यांना कसं माहीत होतं हे मी विचारलं नाही. चौदा वह्या.

"ते माझं मी बघेन," कश्मिरा म्हणाली.

निशिगाकी-साननी डब्याचं झाकण दोनदा उघडून बंद केलं. "माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण माझ्या एकटीच्या हो-ने काय होतं? अकरा जणांच्या कानावर घालायला हवं. आणि अध्यक्षांच्या. दोन आठवडे द्या."

पेपर पाठवायची शेवटची तारीख वीस डिसेंबर. हातात होते सव्वीस दिवस, त्यातले चौदा बाईंनी मागून घेतले. अधेमधे फोन करायचा नाही, हेही बजावलं. माती मोकळी करताना कोणी झाड हलवून बघत नाही.

त्या दोन आठवड्यांत कश्मिराने जुना पेपर कपाटात ठेवला, नव्याची एक ओळही लिहिली नाही आणि तीन वेळा कपाट आवरलं. मी तिला म्हणालो, "'नाही' आलं तर?"

"तर तोयोसु."

"आणि जुना पेपर?"

"तो खोटा आहे हे मला माहीत आहे रे आता." तिने कपाटाचं दार लावलं. "जहाजं खरी असतात निदान."

डिसेंबरच्या आठ तारखेला फोन आला. आम्ही गेलो. निशिगाकी-साननी पंधरावी वही उघडून पुढे केली. वर तारीख, खाली शीर्षक: 'हारुदिकारु-सानचा पेपर'. त्याखाली चार फेऱ्या. मात्सुनागा-सान पहिल्याच फेरीत हो. क्रमांक सात: 'हं, बघू'. इशिदा-सान पहिल्या फेरीत नाही, दुसऱ्या फेरीत नाही, तिसऱ्या फेरीत गप्प. चौथ्या फेरीत त्यांची अट होती: प्रमुख प्रस्ताव वाचतात, हे पेपरात स्पष्ट यावं. त्यांच्या बायकोची भाची विद्यापीठात आहे, तिने वाचलं तर?

"खरंच वाचतात का ते?" कश्मिराने विचारलं.

"सर्वांत जास्त तेच वाचतात. म्हणून तर चिडतात."

अध्यक्षांची अट माझ्यासाठी होती. त्यांना सगळं कायद्यात बसवून हवं होतं. मी दोन पानांचा नियम लिहून दिला: तोंडी संमती वहीत तारखेसह नोंदवली असेल तर प्रमुखाच्या वतीने नेमलेल्या माणसाला कार्ड वापरता येईल, आणि तसं केल्याची खूण अर्जावर उमटेल. मार्चपर्यंत नेमलेलं माणूस निशिगाकी-सान. एप्रिलपासून ज्याने त्याने आपलं कार्ड आपण टेकवायचं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत कोणी खरोखर वापरलेली ही एवढी दोनच पानं आहेत. ती मी आईला डोंबिवलीला फोटो काढून पाठवली. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, म्हणून ती प्रसन्न झाली.

कश्मिराने बारा दिवसांत पेपर नव्याने लिहिला. बाईंनी वह्या तिथेच बसून बघू दिल्या, आणि तिने बसून मोजलं, कारण मोजल्याशिवाय तिला चैन नाही. पहिल्यांदा कानावर घातल्यापासून कार्ड टेकवेपर्यंत सरासरी अकरा दिवस निघाले. कागदाच्या काळात नऊ होते. म्हणजे यंत्राने एक दिवस म्हणून मिरवलं होतं, आणि कारभार दोन दिवसांनी लांबला होता. कारण यंत्रात गेलेलं मागे घेता येत नाही म्हणून आधीची फेरी अधिक जपून होत होती. तंटेही संपलेले नव्हते. फेऱ्यांमध्ये दोन हजारांवर 'नाही' होते. कश्मिरा ते आकडे बघून इतकी खूश झाली की तिने इशिदा-सानसाठी लाडू पाठवले.

डोंगर तिने ठेवला, पण त्याच्या अलीकडचं माळरान रंगवलं. पेपरचं नाव 'तीन-दहाच्या आधी'.

सेन्सेईंनी तो वाचला आणि म्हणाले की सामूहिक संमतीच्या लयीबद्दल आपल्याला पहिल्यापासून शंका होती. त्यांच्या त्या शंकेची नोंद माझ्याकडे कुठेही नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, कश्मिराची खुर्ची माझ्या खुर्चीवर आपटली. करार वाढला होता. दोन वर्षं. तिने केदारला फोन केला, तो इतक्या जोराने "येस!" म्हणाला की मला उठून त्याला प्रत्यक्ष उत्तर द्यावंसं वाटलं. मग ती अर्जाचा पडदा मोठा करून बघू लागली, पुन्हा पुन्हा, आपलं नाव नीट लिहिलंय ना वगैरे. आणि एकदम थांबली.

"श्रीहरी, सेन्सेई आज कुठे आहेत?"

"साप्पोरोला. परवापासून. का?"

"त्यांची शिफारस काल चार वाजून दोन मिनिटांनी पडलीये."

"साप्पोरोतूनही टेकवता येतं की."

"कार्ड लागतं. आणि यंत्र इथे आहे." ती मागचे अर्ज उघडत होती. "माझा प्रवासाचा अर्ज, चार-तीन. संशोधनाच्या परवानगीचा अर्ज, चार-दोन. तुझी रजा, चार-पाच. तीन वर्षं, श्रीहरी. सगळे चारचे."

आमच्या विभागाच्या चिटणीस ओकुदा-सान. वय पन्नाशीचं, टेबल दाराशी, टेबलावर हिरव्या चहाचा पत्र्याचा डबा. सेन्सेईंची छत्री कुठे आहे हे सेन्सेईंना माहीत नसतं, ओकुदा-सानना असतं. त्या आमच्या खोलीपासून किती पावलांवर बसतात ते मी त्या दिवशी मोजलं. नऊ.

"म्हणजे," मी म्हणालो, "मंजुरी कोणाच्या हाताने होते यावरच्या तुझ्या संशोधनाची मंजुरी, आणि आता तुझी नोकरीही... कायद्याच्या दृष्टीने पाहिलं तर..."

"कायद्याच्या दृष्टीने तू तोंड बंद ठेव."

ती हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने डोळे पुसले, एक कोरी वही घेतली, कोपऱ्यातल्या किटलीतून दोन कप चहा केला. तिच्या डब्यात परवा वळलेल्यांतले चार लाडू उरले होते, तेही घेतले. मी दारातून बघत राहिलो. नऊ पावलं चालून तिने एक कप ओकुदा-सानसमोर ठेवला, शेजारची खुर्ची ओढली आणि विचारलं, "ओकुदा-सान, तुम्हाला इथे किती वर्षं झाली?"

ओकुदा-साननी आधी लाडवांकडे पाहिलं, मग कोऱ्या वहीकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "चारला अजून वेळ आहे."